मराठी ख्रिस्ती आणि मताचा अधिकार



पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आळेफाटा लागतो. तेथून नगरच्या वाटेने पूर्वेस वळले म्हणजे जुन्नर तालुक्यातील बेल्हे हे बाजाराचे गाव येते. येथे सोमवारी बाजार भरतो आणि त्यातही बैलांचा बाजार मोठा असतो. माळशेज घाट चढून वर येणारा आणि नगरच्या बाजूने घाटाकडे जाणारा वाटसरू या गावावरूनच जावयाचा. बैल घ्यावयास आलेला शेतकरी जनावराचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. विकणाऱ्याचा धर्म कोणता, ही चौकशी तो करीत नाही. परंतु निवडणुकीचे दिवस आले की त्याच शेतकऱ्याविषयी गावच्या पुढाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की ‘हा माणूस कोणांपैकी?’

या प्रश्नाचे उत्तर देणे मोठ्या समाजांना सोपे जाते. त्यांची संख्या असते, आणि संख्येमागे उमेदवार धावतो. पण ज्या समाजाचे एखाददुसरे घर गावात असावे किंवा तेही नसावे, त्या समाजाच्या माणसाने आपले मत कोणत्या नात्याने द्यावे? त्याची धर्मश्रद्धा त्याला मतपेटीपाशी काही सांगते काय? सांगत असेल तर त्याचा राज्यकारभारावर परिणाम होतो काय? मराठी ख्रिस्ती समाजाच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नांची जी उत्तरे सापडतात त्यांचा थोडक्यात विचार आज करावयाचा आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. धर्मनिष्ठा आणि मतदान यांच्या संबंधाची चर्चा वाचताना आपल्यासमोर बहुधा युरोप-अमेरिकेची उदाहरणे येतात. इंग्लंडात १८२९ पर्यंत रोमन कॅथलिक माणसास पार्लमेंटात बसता येत नव्हते. जर्मनीत १८७० साली कॅथलिकांनी ‘मध्य पक्ष’ नावाचा स्वतंत्र पक्ष काढला आणि बिस्मार्कसारख्या मातब्बर मुत्सद्द्यालाही पुढे त्याच्याशी जमवून घ्यावे लागले. अमेरिकेत तर दर रविवारी उपासनेस जाणारा आणि न जाणारा यांच्या मतांत फरक पडतो, हे तेथील राज्यशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे दाखवीत आले आहेत. ही सर्व उदाहरणे ख्रिस्ती लोक बहुसंख्य असलेल्या देशांतील होत. तेथे श्रद्धेचे रूपांतर पक्षात होऊ शकते, कारण तिच्यामागे डोकी आहेत. महाराष्ट्रात २०११ च्या शिरगणतीत ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार भरली. म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी. विधानसभेच्या २८८ जागा या प्रमाणात वाटावयाच्या ठरविल्या तर त्यांच्या वाट्यास ३ जागादेखील पुऱ्या येत नाहीत. तेव्हा येथे श्रद्धेचा प्रभाव शोधावयाचा तो संख्येत शोधून भागणार नाही. तो अन्यत्र शोधला पाहिजे.

तो प्रथम कोठे दिसतो ते पाहू. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरास ठाणे घातले. नगर जिल्हा आणि त्यास लागून असलेला पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र झाले. १८४२ साली नगरास ‘ज्ञानोदय’ हे पत्र निघाले. या मिशनचे लोक ज्या पंथाचे होते त्या पंथात बिशपाची सत्ता नसते. प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपणच पाहते. पाळक कोण असावा, वडील कोण असावेत, नव्या माणसास मंडळीत घ्यावे की नाही, या गोष्टी सभासदांच्या संमतीने ठरतात. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांसारखे एतद्देशीय पाळक या व्यवस्थेतूनच पुढे आले.

ही बाब दिसावयास लहान, पण तिचा अर्थ फार मोठा आहे. नगरकडील मंडळ्यांत आलेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. ज्यांना गावच्या चावडीवर बसावयाची मुभा नव्हती, ज्यांचे मत पाटील-कुलकर्ण्यांनी कधी विचारले नव्हते, त्यांना मंडळीच्या सभेत हात वर करून ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावयास मिळाले. सरकारने या देशातील सामान्य माणसाला मत दिले त्यापूर्वी कित्येक वर्षे या लोकांनी आपला पाळक मताने निवडला होता. या सभांतही मिशनरी साहेबांचे वजन असे आणि पगाराच्या दोऱ्या बहुधा त्यांच्याच हाती असत, हे खरे. तरीही सभा कशी चालवावी, हिशेब कसा मागावा, विरुद्ध मत पडले तर ते कसे सोसावे, हे शिक्षण जेथे मिळाले ती जागा उपासनामंदिराची होती. श्रद्धेने राजकारणाला दिलेली ही पहिली देणगी म्हणावयास हरकत नाही.

दुसरी देणगी व्यक्तींची. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला; पण ख्रिस्त स्वीकारला म्हणून इंग्रज धर्माधिकाऱ्यांची प्रत्येक आज्ञा स्वीकारली पाहिजे, हे त्यांनी कधीच मानले नाही. १८८९ साली मुंबईस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले तेव्हा तेथे आलेल्या मोजक्या स्त्री-प्रतिनिधींत त्या होत्या. त्याच वर्षी त्यांनी शारदासदन काढले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, नगरास राहून अनेक वर्षे मिशनचे काम केले आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्ती होणे म्हणजे परका होणे नव्हे, हे त्यांना आपल्या आचरणाने दाखवावयाचे होते. या दोघांनीही निवडणूक लढविली नाही. परंतु ख्रिस्ती माणसाची राष्ट्रनिष्ठा संशयास्पद असते, हा जो समज त्या काळी पसरलेला होता त्याला त्यांच्या चरित्रांनी जे उत्तर दिले ते शंभर व्याख्यानांनी दिले नसते.

प्रत्यक्ष राजकारणात उतरलेले नाव पाहावयाचे तर ते जोसेफ बॅप्टिस्टा यांचे. माझगावच्या ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबात १८६४ साली जन्मलेले हे बॅरिस्टर लोकमान्य टिळकांचे स्नेही व वकील होते. १९१६ च्या एप्रिलात बेळगावास होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आणि चिटणीसपद नरसिंह चिंतामण केळकरांकडे आले. गिरणगावातील कामगारांत ते ‘काका’ म्हणून ओळखले जात. १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्यांची प्रार्थना कॅथलिक होती, पण त्यांचे अनुयायी बहुतांशी हिंदू व मुसलमान होते. काकांना मान मिळाला तो ख्रिस्ती मतांच्या गठ्ठ्यामुळे मिळाला नाही; स्वराज्य आणि मजुरी या दोन प्रश्नांवर ते सर्वांच्या बाजूने उभे राहिले म्हणून मिळाला.

इतके सर्व चांगले चालले असता मध्येच एक वेगळा रस्ता फुटला, आणि तो सरकारने काढून दिला होता. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांस विभक्त मतदारसंघ मिळाले. १९१९ च्या कायद्याने मद्रास इलाख्यात देशी ख्रिस्ती लोकांसही ते मिळाले; मुंबई इलाख्यात तेव्हा मिळाले नाहीत. पुढे गोलमेज परिषदेत हा वाद ऐरणीवर आला. पहिल्या परिषदेस गेलेले के. टी. पॉल आणि दुसऱ्या परिषदेतील डॉ. एस. के. दत्त हे दोघेही धर्मनिष्ठ प्रॉटेस्टंट पुढारी. त्यांचा विभक्त मतदारसंघांस विरोध होता. धर्माच्या भिंतीआड बसून मत दिले तर शेजाऱ्याची सेवा करण्याची संधीच नाहीशी होते, अशी त्यांची भूमिका होती. उलट मद्रासचे पनीरसेल्वम हे कॅथलिक पुढारी. १९३१ साली अल्पसंख्याकांच्या वतीने जो करार पुढे मांडण्यात आला त्यावर त्यांनी सही केली. संयुक्त यादीत उभे राहिलो तर बहुसंख्य समाज आपणास निवडून देणार नाही, ही त्यांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंचे लोक सारखेच श्रद्धावान होते. अमका अधिक धार्मिक म्हणून विभक्त मतदानाच्या बाजूचा, आणि तमका कमी धार्मिक म्हणून संयुक्त मतदानाच्या बाजूचा, असा हिशेब येथे जमत नाही. श्रद्धा एकच, पण समाजाचे हित कशात आहे याविषयीचा अंदाज निराळा. धर्मनिष्ठेवरून मताचे भाकित करू पाहणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य अभ्यासावा.

ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर झाला आणि तो पुढे १९३५ च्या कायद्यात आला. मुंबई प्रांताच्या असेंब्लीत एकंदर १७५ जागा. त्यांपैकी देशी ख्रिस्ती लोकांसाठी ३. गुजरातपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या प्रांतात तीन प्रतिनिधी! म्हणजे एकेका प्रतिनिधीच्या वाट्यास जिल्हेच्या जिल्हे यावयाचे. बेल्ह्यासारख्या गावात एखादा ख्रिस्ती मतदार असलाच, तर त्याचे नाव गावच्या सर्वसाधारण यादीत नाही. ते ख्रिस्ती यादीत. त्याच्या बांधाला बांध लावून राहणाऱ्या शेतकऱ्याने ज्या उमेदवारास मत द्यावयाचे त्यास त्याला मत देता येणार नाही. आणि ज्याला द्यावयाचे तो उमेदवार कधी त्याच्या गावाकडे फिरकेल याचा भरवसा नाही. गावची विहीर, गावचा रस्ता, गावची शाळा यांविषयी ज्याच्याकडे जावयाचे तो आमदार याच्या मताचा बांधलेला नाही, आणि जो याच्या मताचा बांधलेला तो दूर कोठे तरी राहतो. धर्माच्या नावाने मिळालेले मत अशा रीतीने व्यवहारात अगदी हलके झाले.

त्यातच दुसरी एक गाठ पडली, आणि ती आजही सुटलेली नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यास पुणे करार झाला. अस्पृश्य वर्गासाठी विभक्त मतदारसंघाऐवजी सर्वसाधारण मतदारसंघांतच राखीव जागा ठरल्या. निवाड्यातील ७१ च्या ऐवजी १४८. मुंबई असेंब्लीत त्यांपैकी १५ आल्या. मग या जागांचे अधिकारी कोण, हे ठरविणे प्राप्त झाले. १९३६ साली अनुसूचित जातींची यादी करणारा जो हुकूम निघाला त्यात, कोणीही देशी ख्रिस्ती अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असे स्पष्ट लिहिले होते. नगर-पुण्याच्या खेड्यापाड्यांतील ज्या कुटुंबाने दुष्काळात, रोगराईत किंवा निव्वळ माणुसकीच्या शोधात ख्रिस्ताचे नाव घेतले होते, त्याचे घर महारवाड्यातच राहिले, त्याचा पाणवठा निराळाच राहिला, गावाने त्याला पूर्वीच्याच नावाने हाक मारली. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते अस्पृश्य उरले नाही. गावाच्या लेखी जात गेली नाही आणि सरकारच्या लेखी ती गेली. या दोन लेखांमधल्या फटीत कित्येक माणसांचा राजकीय हक्क हरवला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या समाजाच्या स्थितीवर परखडपणे लिहिले आहे. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले हे लेखन १९८९ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. देशी ख्रिस्ती समाजात शिकलेली माणसे पुष्कळ असूनही राजकीय चळवळ का नाही, असा त्यांचा प्रश्न आहे. शिकलेला वर्ग मिशनांवर अवलंबून राहिला, आणि दुःखाचे मूळ समाजरचनेत न शोधता माणसाच्या वैयक्तिक पापात शोधण्याची शिकवण त्याला मिळाली, अशी कारणे ते देतात. हा आरोप कडक आहे. रमाबाई, रेव्हरंड टिळक, बॅप्टिस्टा यांना तो लागू पडत नाही. परंतु खेड्यातील मंडळ्यांपुरता पाहिला तर तो सहजासहजी फेटाळता येण्यासारखाही नाही. आत्म्याच्या उद्धाराचा विचार करता करता पाणवठ्याचा विचार मागे पडला, हे कबूल केलेच पाहिजे.

स्वराज्य आले तेव्हा या समाजापुढे पुन्हा निवडीचा प्रसंग आला. घटना समितीच्या अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः बंगाली ख्रिस्ती होते. १९४७ च्या ऑगस्टात विभक्त मतदारसंघ रद्द करण्याचे ठरले, पण काही काळ राखीव जागा ठेवाव्यात असा विचार होता. पुढे सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने तोही मागे घेण्याची शिफारस केली आणि मे १९४९ मध्ये घटना समितीने धर्माधिष्ठित राखीव जागा रद्द केल्या. फादर जेरोम डिसूझा यांनी त्या ठरावास पाठिंबा दिला. हातात आलेली जागा आपण होऊन सोडणे ही राजकारणात दुर्मीळ गोष्ट आहे. तिच्यामागे उदारपणा होता, देशाच्या फाळणीने दिलेला धडा होता, आणि अर्थातच बहुमताच्या सद्भावावर टाकलेला विश्वासही होता.

तो विश्वास वाया गेला काय? थोडी उदाहरणे घेऊ. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या वेळच्या मुंबई राज्यातील कारवार जिल्ह्यातून जोकिम आल्वा लोकसभेवर निवडून आले. ते कॅथलिक, मतदार बहुतांशी हिंदू. त्यांच्या पत्नी व्हायोलेट आल्वा राज्यसभेवर गेल्या आणि १९६२ साली तिच्या उपसभापती झाल्या. १९६७ साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांच्यासारख्या बलाढ्य पुढाऱ्यास पाडले. फर्नांडिस तरुणपणी पाद्री होण्यासाठी शिकत होते आणि तो मार्ग सोडून कामगारांत आले होते. त्यांना जी मते पडली ती कोणी त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव पाहून दिली नाहीत.

त्याच वर्षी, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्यात जनमत कौल झाला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, असा प्रश्न होता. मराठी वाचकांत आजही असे समजले जाते, की तेथे ख्रिस्ती एका बाजूस आणि हिंदू दुसऱ्या बाजूस असा सरळ सामना झाला. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष यांच्या अनुयायांकडे पाहता हा समज होणे स्वाभाविक आहे. पण आकडे काय सांगतात? विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. गोव्याच्या वस्तीत ख्रिस्ती लोक त्या वेळी दोन-पंचमांशांहूनही कमी होते, आणि विलीनीकरणाविरुद्ध तर निम्म्याहून अधिक मते पडली. तेव्हा एकूण एक ख्रिस्ती मतदार एकाच बाजूस गेला असे धरले तरी हजारो हिंदूंनी त्या बाजूस मत दिल्यावाचून हा निकाल लागणे शक्य नव्हते. आणि कौलानंतर थोड्याच आठवड्यांत जी निवडणूक झाली तीत पुन्हा बांदोडकरांचाच पक्ष सत्तेवर आला. म्हणजे एकाच मतदाराने एका प्रश्नावर एक आणि दुसऱ्या प्रश्नावर दुसरे मत दिले. धर्म हा त्याच्या मनातील एक आवाज होता. भाषा, जमीन, नोकरी आणि आपल्या प्रदेशाचा अभिमान हे दुसरे आवाज होते.

वसईचे उदाहरण आणखी निराळे आहे. तेथील कुपारी व वाडवळ ख्रिस्ती लोक मराठी मातीचे. १९८८-८९ च्या सुमारास वसईची शेती व हिरवाई वाचविण्यासाठी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू होते. हेच फादर पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या चळवळीची मागणी पाणी, झाडे आणि कायद्याचे राज्य यांची होती. तीत उपासनेचा विषय नव्हता. म्हणूनच तीत इतर धर्मांचे लोकही आले. श्रद्धेचा राजकारणावरील खरा परिणाम बहुधा अशाच ठिकाणी दिसतो: श्रद्धा माणसाला निर्भय करते, आणि तो निर्भयपणा सर्वांच्या उपयोगी पडतो.

याउलट, धर्माच्या नावाने मत मागण्यास कायद्याने मज्जाव केला आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात तसे करणे भ्रष्टाचार ठरविले आहे. मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेला अभिराम सिंग विरुद्ध कोमाचेन हा खटला सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीशांपुढे गेला. २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने असा निर्णय झाला, की केवळ उमेदवाराच्या धर्माच्या नावाने केलेलेच आवाहन नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही या कलमात येते. निवडणूक लढविणाऱ्याने धर्म घरी ठेवून यावे, असा या निर्णयाचा मथितार्थ होय.

आता ती न सुटलेली गाठ. निवडणुकीत धर्म घरी ठेवा असे सांगणारा कायदाच एका ठिकाणी उमेदवाराला त्याचा धर्म विचारतो. १९५० साली अनुसूचित जातींसंबंधी राष्ट्रपतींचा जो आदेश निघाला त्याने १९३६ चे तत्त्व पुढे चालू ठेवले. हिंदू नसलेल्या माणसास या यादीत स्थान नाही असे ठरले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तीत घेण्यात आले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. त्यावर निर्णय झाला नाही आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमण्यात आला.

हा प्रश्न कागदावर रुक्ष दिसतो. तो घरात कसा दिसतो हे पाहू. अशी कल्पना करा, की एकाच महार कुटुंबातून तीन शाखा निघाल्या. एकाचा पणजोबा हिंदू राहिला. दुसऱ्याच्या आजोबाने १९५६ साली बाबासाहेबांबरोबर बुद्धाला शरण जाण्याचे ठरविले. तिसऱ्याच्या पणजोबाने त्यापूर्वीच नगरच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला. तिघांची घरे एकाच वस्तीत, तिघांच्या मुली देण्याघेण्याचे प्रश्न सारखेच, तिघांचे पूर्वज एकाच विहिरीपासून दूर ठेवलेले. आज पहिल्यास राखीव जागेवर उभे राहता येते. दुसऱ्यास १९९० पासून येते. तिसऱ्यास येत नाही. नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर हा विधानसभेचा आणि शिर्डी हा लोकसभेचा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकांपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, आणि याच भागात मराठी ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. तेथील दलित ख्रिस्ती माणूस मत देऊ शकतो. पण त्याच राखीव जागेसाठी मत मागू शकत नाही. ग्रामपंचायतींतून सरपंचपद पाळीपाळीने राखीव होते तेव्हा खेडोपाडी हाच प्रसंग लहान प्रमाणावर घडावयाचा.

याविरुद्ध बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. अस्पृश्यता हे हिंदू समाजरचनेचे पाप आहे. ज्या धर्मात जात मान्य नाही त्यात गेलेल्याने जातीची भरपाई कशी मागावी, असे एक म्हणणे आहे. राखीव जागा थोड्या. वाटेकरी वाढले तर आज ज्यांना त्या मिळतात त्यांचा घास कमी होईल, असे दुसरे. दुसऱ्या म्हणण्यात व्यवहार आहे आणि त्याचा विचार झालाच पाहिजे. पहिल्या म्हणण्यास मात्र १९५६ व १९९० च्या दुरुस्त्यांनीच उत्तर दिलेले आहे. शीख आणि बौद्ध धर्मांतही जात मान्य नाही. शिवाय ख्रिस्ती मंडळ्यांत जात उरली नाही, असे छातीठोकपणे सांगण्याचे धाडस त्या मंडळ्यांतील विचारी माणसेही करणार नाहीत.

या अटीचा सर्वांत वाईट परिणाम कोणता, असे मला विचाराल तर तो जागांच्या हिशेबात नाही. ती माणसाला आपली श्रद्धा लपविण्याचा मोह घालते. दाखल्यावर एक आणि मनात दुसरे, रविवारी एक आणि कचेरीत दुसरे, अशी दुटप्पी वागणूक ज्याला करावी लागते त्याची श्रद्धाही दुबळी होते आणि त्याचे नागरिकत्वही. धर्मनिष्ठेचा मतावर काय परिणाम होतो, असा प्रश्न घेऊन आपण निघालो होतो. मराठी ख्रिस्ती लोकांच्या इतिहासात उलटा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो: मताच्या कायद्याचा धर्मनिष्ठेवर काय परिणाम होतो? १९३५ च्या कायद्याने श्रद्धेला निराळ्या यादीत कोंडले. १९३६ च्या आणि १९५० च्या हुकुमांनी तिची किंमत वसूल केली. संयुक्त मतदारसंघाने मात्र तिला मोकळे सोडले, आणि ती मोकळी सुटली तेव्हाच तिच्या हातून काही भले झाले.

म्हणून पुन्हा बेल्ह्याच्या बाजाराकडे वळतो. जुन्नर तालुक्याच्या या पूर्वेकडील भागात पाऊस कमी. शेजारच्या आणे पठाराचा पाण्याचा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत निघतो. अशा गावात एखादेच ख्रिस्ती घर असेल तर त्याच्या दोन-चार मतांनी आमदार ठरत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. परंतु पठारावर पाणी यावे म्हणून सभेत उभे राहून बोलणारा पहिला माणूस तो असू शकतो. पैसे घेऊन मत न देणारा माणूस तो असू शकतो. दोन भावकींच्या भांडणात दोघांनाही खरे सांगणारा माणूस तो असू शकतो. त्याच्या आजोबांनी मंडळीच्या सभेत हात वर करावयास शिकले होते. त्याने तो हात गावच्या सभेत वर केला पाहिजे, आणि तो वर करताना त्याला आपला धर्म लपवावा लागता कामा नये. या दोन गोष्टींपैकी पहिली त्याच्या हाती आहे. दुसरी आपल्या सर्वांच्या हाती आहे, कारण कायदे करणारी माणसे आपल्याच मतांनी निवडून जातात.